गाव रिकामं होतं तेव्हाची पाहणी

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी नोकरी शोधणाऱ्या बाईला लोक दोनच सल्ले देतात: पापड करून विका, नाहीतर आता देवाधर्माचं बघा. मला पापड लाटता येत नाहीत आणि देवाने मला अजून बोलावलेलं नाही. इचलकरंजीच्या एका कापड कारखान्यात बावीस वर्षं मी सांडपाणी तपासण्याचं काम केलं. कारखाना बंद झाला, तेव्हा माझ्याकडे रसायनशास्त्राची जुनी पदवी, दोन पांढरे कोट आणि नाकात बसलेला रंगाचा वास एवढंच उरलं. पर्यावरणाच्या क्षेत्रात आता पुष्कळ कामं निघाली आहेत असं वाचत होते. कोणती, कुठे, आणि माझ्यासारखीला कोण घेतं, हे स्वतः जाऊन बघायचं ठरवलं.

माझे दीर म्हणाले, "वहिनी, ते जीन्स घालणाऱ्या पोरापोरींचं काम असतं."

मी म्हटलं, जीन्स माझ्याकडे आहे.

खरं तर एक नोकरी जवळजवळ हातात होती. पुण्याच्या एका सल्लागार कंपनीला 'क्षेत्रतज्ज्ञ' हवा होता. मालवण तालुक्यातल्या एका खाडीत जेटी बांधायची, त्यासाठी खाडीतला वाळूचा पट्टा उपसून पाणी खोल करायचं, अशी योजना होती. परिणामांचा अहवाल तयार होता. मी तिथे दोन दिवस जायचं, अहवाल जागेशी ताडून बघायचा, शेवटच्या पानावर सही करायची आणि पुढच्या एक तारखेला रुजू व्हायचं. अहवालाची जाडजूड फाईल पिशवीत टाकली, दोनाचे सहा दिवस केले आणि मार्चमध्ये निघाले. गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. का ते पुढे कळेल.

फोंडाघाट

घाट उतरला की हवा बदलते असं सगळेच लिहितात. मला आधी बदललेला दिसला तो प्रश्न. आमच्याकडे एकटी बाई दिसली की विचारतात, "कुणाच्या घरच्या?" फोंडाघाटच्या बाजारात काजूची बोंडं विकणाऱ्या बाईने मला नीट न्याहाळून विचारलं, "घो खंय तुमचो?" म्हणजे नवरा कुठाय. घरी आहे, त्याला रजा नाही, असं मी सांगितलं. "मगे बरा आसा," ती म्हणाली आणि एक बोंड जास्तीचं घातलं. बोंड खाताना रस ब्लाऊजवर सांडला. तो डाग निघत नाही. जाणार असाल तर गडद रंगाचे कपडे घ्या.

धामापूर

तलाव जुना, मोठा, आणि शेजारी भगवतीचं देऊळ. पाणी इतकं निवळ की हात आपोआप नमुन्याच्या बाटलीकडे गेला. एक निवृत्त गुरुजी आणि त्यांची बायको तिथून जवळच देशी झाडांची रोपवाटिका चालवतात. काम शिकायला येणाऱ्यांना ते ठेवून घेतात, असं मला कुणीतरी सांगितलं होतं.

गुरुजींनी दीड तास रोपं दाखवली. माणूस ज्ञानी, पण वाक्यागणिक 'सेवा' म्हणणारा. पगाराचं विचारलं तेव्हा म्हणाले की पगार असा नाही, पण समाधान फार. शिकाऊ लोकांकडून जेवणाचा खर्च तेवढा ते घेतात. म्हणजे काम मी करायचं आणि पैसेही मीच द्यायचे. माझं मत मी तिथेच सांगितलं: ज्या कामाला पगार नसतो त्याला लोक ध्येय म्हणतात, आणि ध्येय बहुतेक वेळा बायकांच्या वाट्याला येतं. गुरुजी हसले. त्यांची बायको हसली नाही. दीड तासात गुरुजी बोलत होते आणि ती मातीच्या पिशव्या भरत होती, हे तिच्याही लक्षात आलं असावं.

रात्रीच्या मुक्कामाला तिनेच ठेवून घेतलं. निघताना कुठे जाणार ते विचारलं. मी खाडीकाठच्या त्या गावाचं नाव सांगितलं, तर म्हणाली, "हॉटेलात राहू नका. माझी धाकटी मावशी आसा थंय. सुलोचना म्हणान विचारा, कोणय सांगतलो."

खाडीवर

सुलोचनाकाकी साठीच्या पुढच्या. चिऱ्याचं घर, मागे माडांची रांग, आणि माडांपलीकडे खाडी. मी 'जेटीच्या कामाची पाहणी करायला आले' म्हटलं तर त्यांनी फक्त "बरा" म्हटलं आणि पेज वाढली. सकाळी दहाला उकड्या तांदळाची पेज, सोबत भाजलेला सुका बांगडा. आमच्याकडे पातळ भात म्हणजे आजारी माणसाचं जेवण. इथे पेज पिऊन बाया चार तास पाण्यात उभ्या राहतात.

त्या दिवशी ओहोटी दुपारची होती. काकी टोप घेऊन निघाल्या, मीही निघाले. वाटेत शेजारची मरियमबी मिळाली. पन्नाशीची, उंच, तोंडाने फटकळ. तिचा नवरा सुक्या मासळीचा व्यापार करतो. या दोघी लग्न होऊन गावात आल्या तेव्हापासून एकत्र तिसऱ्या काढतात. तिसऱ्या म्हणजे खाडीच्या वाळूत राहणारे शिंपले. एकीचं पाऊल पडलं की दुसरीला कळतं, वाळूचा कोणता तुकडा झाला आणि कोणता राहिला.

मी शहाणपणाने बूट घालून चिखलात उतरले. तिसऱ्या पावलाला पाय वर आला, बूट आला नाही. मी कोपरापर्यंत हात घालून शोधला, तो मिळाला नाहीच, उलट बसकण मारली. काठावरच्या सगळ्या बाया हसल्या. मरियमबी म्हणाली, "खाडीक बूट दिलात. आता खाडी तुमका कायतरी दितली."

पाणी ओसरलं तसा मधला वाळूचा पट्टा वर आला आणि बघता बघता त्यावर तीसेक बाया पसरल्या. पट्ट्याच्या कडेला गुडघाभर पाण्यात वाकून पायाच्या अंगठ्याने चाचपायचं, मग बोटं घालून काढायचं. कमरेला दोरीने बांधलेला टोप मागे तरंगत येतो. अंगठ्याच्या नखाहून लहान तिसरी परत टाकायची. पट्ट्याचा एक भाग दरवर्षी मोकळा सोडायचा, आणि कोणता ते म्हाताऱ्या ठरवतात. ठरलेल्या जागी कुणी हात घातला तर तिचं नाव घेऊन अशा शिव्या पडतात की सरकारी दंड परवडला. तासाभरात माझ्या टोपात अकरा तिसऱ्या जमल्या, काकींच्या टोपाचा तळ दिसत नव्हता.

वाकून कंबर मोडली, तेव्हा उभी राहिले आणि डोक्यात लख्ख झालं. ज्या पट्ट्यावर मी उभी होते तोच उपसायचा होता. आणि माझ्या फाईलमध्ये या पट्ट्याबद्दल छापलेलं वाक्य मला पाठ होतं: 'सलग तीन दिवसांच्या पाहणीत खाडीपात्रात एकही होडी अथवा व्यक्ती आढळली नाही. शिंपले वेचणे: नगण्य.'

फाईलमधले फोटो

संध्याकाळी काकींनी तिसऱ्यांचं एकशिपी केलं. तिसरी उघडून मांस एका शिंपीत ठेवायचं, दुसरी शिंपी टाकायची, आणि ओल्या खोबऱ्याच्या वाटणात शिजवायचं. सोबत घावणे. कोल्हापूरकडे पाहुण्याच्या डोळ्यांतून पाणी आलं की स्वयंपाक जमला असं धरतात. इथे ताटात उरलेल्या रिकाम्या शिंपल्या मोजतात. माझ्या मोजून मरियमबीने तोंड वाकडं केलं आणि पुन्हा वाढलं.

जेवण झाल्यावर मी फाईल काढून फोटो त्यांच्यासमोर ठेवले. बंद दारांची घरं, रिकामी पाणंद, रिकामी खाडी. मला वाटलं होतं, फोटो दुसऱ्याच गावचे निघतील. म्हणजे कंपनीने सरळ फसवलं असेल, आणि मग माझा निर्णय सोपा.

"ह्या माझा घर," काकी म्हणाल्या. त्यांनी चष्मा लावून परत बघितलं. "पण दाराक कुलूप?"

मरियमबीने फोटो ओढून घेतला. "एक कोंबो दिसना नाय. कुत्रो पण नाय." मग तिने काकींकडे बघितलं आणि दोघी एकदम म्हणाल्या, "गावपळण."

ते काय, हे मला समजून घ्यायला अर्धा तास लागला. तुम्हाला थोडक्यात सांगते. काही वर्षांनी एकदा ग्रामदेवतेला कौल लावतात. कौल मिळाला की अख्खं गाव, हिंदू असो मुसलमान असो, तीन दिवस-रात्री वेशीबाहेर राहायला जातं. गुरं, कोंबड्या, कुत्री, मांजरंसुद्धा बरोबर. होड्या हद्दीपलीकडे ओढून ठेवतात. माळावर झापांच्या, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्यांच्या, राहुट्या उभ्या राहतात, तिथेच चुली, तिथेच भजनं. गाव देवाला मोकळं करून द्यायचं. चौथ्या दिवशी पुन्हा कौल घेऊन परतायचं. मरियमबीच्या सासूबाई सांगायच्या, माणूस सारखा उरावर बसलेला मातीलाही नको असतो.

कंपनीचा पाहणी करणारा नेमका त्या तीन दिवसांत आला होता. त्याला माणूस दिसला नाही, कारण माणूस नव्हता. विचारणार कुणाला, तर विचारायलाही कुणी नव्हतं. त्याने जे दिसलं ते प्रामाणिकपणे लिहिलं, फोटो काढले आणि गेला. वेशीबाहेरचा माळ त्याच्या नकाशात नव्हता.

"तारीख नक्की का?" मी विचारलं. अहवालावर तारखा होत्या, पण गावपळणीच्या तारखेचा कागद हवा होता.

मरियमबी उठून घरी गेली आणि प्लास्टिकच्या पिशवीतून एक दाखला घेऊन आली. तिची मुलगी बाळंतपणाला आलेली असताना गावपळण लागली. "माझी नात थंयच राहुटीत जल्माक इली, दुसऱ्या दिसा." शेजारच्या गावच्या आरोग्य केंद्रातल्या नर्सने जन्म नोंदवला होता, जागा 'माळावरची राहुटी' अशीच लिहून. दाखल्यावरची तारीख अहवालातल्या मधल्या तारखेशी तंतोतंत जुळत होती.

फोन

इथे मला एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी मी त्या दोघींना सांगितली नाही. कारखान्यात असताना आमचा मॅनेजर मला पाण्याचा नमुना रविवारी सकाळी घ्यायला लावायचा. रविवारी यंत्रं बंद असायची. पाणी साधारण स्वच्छ असायचं. मी नमुना खरा घ्यायचे, आकडा खरा लिहायचे, सही माझीच करायचे. एक अक्षर खोटं नसायचं. नदी मात्र सोमवार ते शनिवार काळीच वाहायची. त्यामुळे चुकीच्या दिवशीचा खरा आकडा काय करू शकतो, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

सकाळी कंपनीच्या साहेबांना फोन लावला. मला अजून वाटत होतं की ते 'अरेच्चा' म्हणतील आणि पुन्हा माणूस पाठवतील. मी सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, असल्या प्रथा आम्हाला माहीत असायचं कारण नाही. पाहणीच्या दिवशी जे दिसलं ते लिहिलंय. तुम्ही सही करा, शेवटी एक तळटीप टाकू."

"तळटीप नको. पाहणी पुन्हा करा."

"वेळ नाही. आणि स्पष्टच बोलतो, तुमच्या वयात तुम्हाला पर्याय किती आहेत?"

खरं सांगायचं तर एकही नव्हता. मी म्हटलं, "पाहणी मी करते. तुम्हाला पाठवते. नाही घेतलीत तर दुसरीकडे देते." ते म्हणाले की मग एक तारखेला यायची तसदी घेऊ नका. मी फोन ठेवला आणि चहा प्यायले.

दोन ओहोट्या

पुढचे दोन दिवस मी तेच केलं जे बावीस वर्षं केलं: मोजलं आणि लिहिलं. कंपनीच्याच छापील नमुन्याची कोरी पानं फाईलमध्ये होती, तीच वापरली. दोन्ही ओहोट्यांना पट्ट्यावर कोण आलं, कुठून कुठपर्यंत काढलं, कोणता भाग राखून ठेवलाय, पाण्याचा खारटपणा किती. बाया नावं सांगताना लाजत नव्हत्या, मागून एकमेकींची वयं वाढवून सांगत होत्या. एकीने सही करताना विचारलं, "बाई, तुमका ह्याचो पगार किती?" मी म्हटलं, कालपर्यंत मिळणार होता. त्यावर मरियमबी म्हणाली की मग आजपासून तू आमच्यातली, टोप घे.

सगळं गाव एकमुखाने आमच्या बाजूला होतं असं समजू नका. देवळाच्या मानकऱ्यांपैकी दत्ताराम म्हणून एक गृहस्थ चहाच्या दुकानाशी भेटले. त्यांचे दोन्ही मुलगे मुंबईत आहेत. जेटी झाली तर होड्या येतील, पर्यटक येतील, पोरं परत येतील, असं त्यांचं सरळ म्हणणं. ते मला चूक वाटलं नाही. मी तसं सांगितलंही. पण त्यांचा खरा राग वेगळा होता.

"गावपळण कागदार घालू नुको," ते म्हणाले. "देवाचा आसा ता देवाकडेच ऱ्हवांदे."

ते ठरवायचा अधिकार माझा नव्हता. गावाने नाही म्हटलं असतं तर मी ती पानं फाडून टाकली असती, आणि मग माझ्याकडे त्या फोटोंना उत्तर उरलं नसतं. काकी तिसऱ्यांची टोपली कडेवर घेऊन उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "देव कागदाक भियाता काय रे दत्तू? तू भियातस."

दुकानातले दोघंतिघं हसले. दत्ताराम हसले नाहीत. त्यांनी चहा संपवला, कप विसळून ठेवला, आणि मग म्हणाले, "घाल. पण गावाचा नाव पेपरात येवचा नाय. आनि जेटी नुको असा माझ्या तोंडी घालू नुको."

त्यांच्या दोन्ही अटी मी पाळल्या. माझ्या अहवालात त्यांचं म्हणणं, 'जेटी हवी, मुलांना काम हवं', हे त्यांच्याच शब्दांत पहिल्या पानावर लिहिलं. खालीच बायांची नावं. निर्णय ज्याचा त्याने करावा, पण गाव भरलेलं असताना करावा.

आणि माझ्या पर्यायांचं म्हणाल, तर त्याच दोन दिवसांत किनाऱ्यावरच्या एका खानावळवाल्याने विहिरीचं पाणी तपासून मागितलं. सांडपाण्याचा खड्डा विहिरीपासून दहा पावलांवर, आणि पाहुण्यांची पोटं बिघडत होती. मी तपासलं, फी घेतली, खड्डा हलवायला सांगितलं. त्याने शेजारच्याला सांगितलं. या किनाऱ्यावर अशा विहिरी खूप आहेत, आणि खरं सांगणारं माणूस लोकांना हवं असतं, निदान स्वतःच्या विहिरीपुरतं तरी. दर महिन्याला आठ दिवस इकडे यायचं मी ठरवलं आहे. याला ध्येय म्हणाल तर मी फी वाढवीन.

कचेरी

शेवटच्या दिवशी तिघी जेटीची परवानगी बघणाऱ्या जिल्ह्याच्या कचेरीत गेलो. काकींनी ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि मरियमबीने नातीचा दाखला पर्समध्ये घट्ट धरला होता. कचेरीच्या पायरीपासून काकींची भाषा बदलली. 'माका', 'तुका' गेलं, शाळेतल्यासारखं मराठी सुरू झालं. "आम्हाला हा अर्ज देयचा आहे," त्या म्हणाल्या.

आवक-जावकचा कारकून तरुण होता, उद्धट नव्हता, कंटाळलेला होता. त्याने पानं चाळली आणि मला विचारलं, "कोणत्या संस्थेतर्फे?"

"कुठल्याच नाही."

"मग हुद्दा काय लिहू?"

"काही लिहू नका. नाव लिहा, पत्ता लिहा."

त्याने लिहिलं. सोबतच्या दाखल्याची प्रत लावली. पोच देताना शिक्का मारला आणि कागद माझ्याकडे सरकवला. मी चष्मा लावून बघितलं. शिक्क्यातली तारीख कालची होती. सकाळी चाक फिरवायचं राहिलं होतं.

मी कागद परत सरकवला आणि तारीख बदलायला सांगितली. तो म्हणाला की एका दिवसाने काय बिघडतं, नोंदवहीत आजचीच आहे. मी बोलणार तेवढ्यात काकी टेबलावर वाकल्या. शाळेतलं मराठी संपलं होतं.

"तीन दिसांपायी आमची खाडी जाय होती, झिला," त्या म्हणाल्या. "तुझो एक दीस आमका परवडना नाय."

कारकुनाने त्यांच्याकडे बघितलं, मरियमबीकडे बघितलं. मग शिक्का उलटा करून नखाने चाक एक घर पुढे सरकवलं, शाईच्या पॅडवर दाबला आणि नीट, सावकाश, जुन्या शिक्क्याच्या शेजारी नवा मारला.

मी गावाकडे ठेवायची दुसरी प्रत पुढे केली.